डॅशहुंडची पाठ पुन्हा पुन्हा का धरते, आणि तो घरी आणण्याआधी काय तपासावं

लक्षण असं असतं. सकाळी कुत्री दिवाणाखालून बाहेर येत नाही. आलीच तर पाठीला कमान, मान खाली, अंग थरथरतंय. उचलायला गेलं की केकाटते. पोटाला हात लावावा तर दगडासारखं घट्ट. आपल्याला वाटतं, काहीतरी अरबट-चरबट खाल्लं, पोट दुखतंय. डॉक्टर इंजेक्शन देतात, चार दिवसांच्या गोळ्या देतात, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ती शेपूट हलवत दारात उभी. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, पुन्हा तेच.

आमच्या डॅशहुंड कुत्रीला, खारीकला, हे अकरा महिन्यांत तीनदा झालं. पहिल्यांदा फेब्रुवारीत, दुसऱ्यांदा गौरी-गणपतीच्या आधी आणि तिसऱ्यांदा पुढच्या जानेवारीत. तिसऱ्या वेळी मागचे पाय लुळे पडले. ती तेव्हा चार वर्षांची होती. आज ती आठ वर्षांची आहे आणि स्वतःच्या पायांवर चालते, पण मधल्या काळात जे शिकले ते तिला आणण्याआधी कुणी सांगितलं असतं तर तिचं बरंच दुखणं टळलं असतं. गेल्या महिन्यात आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, आम्हाला डॅशहुंड घ्यायचाय, काय काय बघू?" तिच्याशी दोन तास बोलले. तेच इथे लिहिते आहे.

आधी ओळखा: खरंच पाठ आहे का

पुण्यात पावसाळ्यानंतर अशीच मरगळलेली, जिना चढायला नकार देणारी कुत्री दिसली तर गोचीडतापाचाही विचार करावा लागतो. त्यातही सांधे दुखतात, कुत्रं हात लावू देत नाही. फरक असा की बहुतेक वेळा ताप असतो, जेवण तुटतं, हिरड्या फिकट पडतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे नुसत्या हाताला गरम लागलं म्हणून घाबरू नका, थर्मामीटर लावा. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. डॉक्टरांना रक्ततपासणीत प्लेटलेट बघायला सांगा. आमच्याकडे पहिल्या वेळी हीच शंका घेतली गेली होती आणि ती चुकीची नव्हती. रिपोर्ट चांगला आला, इतकंच.

पाठीचं दुखणं कसं वेगळं दिसतं? कुत्रं खायला तयार असतं, पण वाटीपर्यंत मान वाकवत नाही. वाटी तोंडाजवळ धरली की खातं. असं असेल तर बहुधा मानेतली गादी, म्हणजे दोन मणक्यांच्या मधली चकती, दुखावली आहे. पाठीतली असेल तर चढताना-उतरताना अडतं, वळताना सगळं अंग एका तुकड्यात वळवतं, सोफ्यापाशी जाऊन नुसतं वर बघत उभं राहतं. खारीक अशी उभी राहायची तेव्हा आम्ही तिला उचलून वर ठेवायचो. तिला लाड हवेत असं वाटायचं.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. कुत्र्याला सतरंजीवर उभं करा, पोटाखाली हाताचा आधार द्या आणि मागचा एक पंजा हळूच उलटा करून, म्हणजे वरची बाजू जमिनीला टेकेल असा, ठेवा. निरोगी कुत्रं तो लगेच सरळ करतं. उशीर लागला, किंवा पंजा तसाच राहिला, तर मज्जारज्जूवर दाब आहे असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बोटं चिमटून वेदना कळते का हे बघण्याची तपासणी मात्र घरी करू नका. ती डॉक्टरांनीच करायची असते, कारण त्या उत्तरावर ऑपरेशनचा निर्णय ठरतो.

गोळीनं दुखणं थांबतं, गादी भरून येत नाही

हा सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा सावकाश सांगते.

दोन मणक्यांच्या मधल्या गादीला बाहेरून चिवट पदर असतो आणि आत मऊ, पाणीदार गर. ताडगोळा डोळ्यांसमोर आणा. बहुतेक जातींत हा गर उतारवयापर्यंत बऱ्यापैकी ओला राहतो. डॅशहुंडमध्ये तो पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच सुकू लागतो, पुढे त्यात कॅल्शियम साठतं आणि तो खडूसारखा होतो. अशा गादीला झटका सोसवत नाही. एखाद्या दिवशी बाहेरचा पदर फाटतो आणि आतला गर वर, मज्जारज्जूच्या अंगाला सरकतो. बरगड्यांचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या भागात हे सर्वांत जास्त घडतं. वय बहुतेकदा तीन ते सात वर्षं. दर चार-पाच डॅशहुंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हे होतं, म्हणजे हा क्वचित होणारा आजार नव्हे.

"पाठ लांब म्हणून मध्ये वाकते" असं सर्रास सांगितलं जातं. खरं कारण वेगळं आहे. २००९ मध्ये शास्त्रज्ञांना कुत्र्यांच्या आखूड पायांमागे एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत अठराव्या गुणसूत्रावर सापडली. २०१७ मध्ये त्याच जनुकाची आणखी एक प्रत बाराव्या गुणसूत्रावर सापडली आणि गादी अकाली सुकण्याचा थेट संबंध तिच्याशी लागला. ही दुसरी प्रतही पाय आखूड करते आणि डॅशहुंडमध्ये ती जवळपास सर्वत्र असते. ज्या आखूड पायांवर आपण भाळतो, त्यांच्याबरोबरच ही पाठ येते. बिळात शिरून बॅजर या बिज्जूसारख्या प्राण्याला भिडण्यासाठी जर्मनीत ही जात तयार झाली, नावातल्या 'डाक्स'चा अर्थच तो प्राणी. आजही तिथल्या मापात या कुत्र्याचा आकार छातीच्या घेरावरून ठरवतात, कारण बिळात मावणं महत्त्वाचं होतं.

आता पुन्हा पुन्हा होण्याचं कारण. फाटलेला पदर जुळून यायला चार ते सहा आठवडे लागतात. सूज कमी करणारी गोळी दोन दिवसांत वेदना थांबवते. म्हणजे तिसऱ्या दिवसापासून पुढचे पाच आठवडे कुत्र्याला काहीच दुखत नसतं आणि आत जखम ओलीच असते. दुखत नाही म्हणून ते धावतं, दारावरची बेल वाजली की उडी मारतं, आणि जेमतेम जुळत आलेला पदर पुन्हा फाटतो. पहिल्या वेळी आम्ही खारीकला चौथ्या दिवशी खाली फिरायला नेलं होतं. स्वतःच्या पायांनी, ५४ पायऱ्या उतरून.

आराम म्हणजे पिंजरा, घरातल्या घरात फिरणं नव्हे

डॉक्टर "रेस्ट द्या" म्हणतात तेव्हा आपण ऐकतो की बाहेर नेऊ नका. त्यांना म्हणायचं असतं की क्रेटमध्ये ठेवा. उभं राहता यावं, वळता यावं, पाय लांब करून झोपता यावं, एवढीच जागा. चार ते सहा आठवडे, चोवीस तास. बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी, तेही उचलून न्यायचं, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालून, पाय डगमगत असतील तर पोटाखालून जुन्या ओढणीची झोळी धरून. गळ्यातला पट्टा काढून टाका.

दुसऱ्या वेळी आम्ही क्रेट आणला होता. बाराव्या दिवशी गौरीजेवण होतं. घरात पंचवीस माणसं, आरती, टाळ, मुलांची पळापळ. खारीक रडत होती. माझ्या मावससासूबाई म्हणाल्या, "अगं, सणासुदीचं त्या मुक्या जिवाला कोंडून काय ठेवलंयस?" आणि त्यांनी मायेनं दार उघडलं. त्यांची चूक नव्हती. आतमध्ये काय चाललंय हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. ती दिवसभर हुंदडली, दुसऱ्या दिवशी जराशी अवघडली, मग बरी दिसली, आणि आम्ही क्रेट घडी करून माळ्यावर टाकला. चार महिन्यांनी जानेवारीत ती दिवाणावरून उतरली आणि मागचे पाय फरफटत गेली.

म्हणून आता सांगते. क्रेटवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा: डॉक्टरांनी सांगितलंय, दार उघडू नये. बेलची वायर सहा आठवडे काढून ठेवा, लोक फोन करतात. क्रेट माणसांत ठेवा, स्वयंपाकघर दिसेल असा, पण दारासमोर नको. तीन बाजूंनी चादर टाका. गणपतीत ढोल-ताशांचा किंवा दिवाळीत फटाक्यांचा आवाज असेल तर डॉक्टरांकडून शांत करणारं औषध आधीच विचारून ठेवा, कारण क्रेटमध्ये घाबरून धडपडणं हेही पाठीला वाईटच. कंटाळा घालवायला चाटण्याचं, हुंगण्याचं काम द्या: पसरट ताटलीत थापलेला लाल भोपळा, फडक्यात गुंडाळलेला खाऊ. खारीक चौथ्या दिवसानंतर रडायची थांबली. पहिले तीन दिवस फार जड गेले, हे कबूल करते.

उचलण्याची रीत घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, शिकवा. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून लहान मुलासारखं उभं उचललं की सगळा भार नेमका त्याच मणक्यांवर येतो.

मालिश नको. हळद-तेल नको. कुणी मणका "बसवून" देतो म्हणालं तर त्याच्या हाती कुत्रं देऊ नका.

औषधांत होणारी एक घोडचूक

आपल्या घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नयेत, अर्धीसुद्धा नाही. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी: स्टेरॉइड आणि सूज उतरवणारी वेदनाशामकं ही दोन वेगळ्या घरची औषधं आहेत आणि एकत्र दिली तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शनिवारी एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रविवारी तो दवाखाना बंद म्हणून दुसरीकडे नेलं, तिथे आधीचं सांगायचं राहिलं, की हा घोटाळा होतो. प्रत्येक इंजेक्शनचं नाव लिहून घ्या. नाव लिहून मागण्यात अपमान कुणाचाच होत नाही. आमच्या फ्रिजवर आजही तारखांसकट कागद आहे.

केव्हा थांबायचं नाही

नुसतं दुखत असेल, किंवा चाल थोडी झुलत असेल, तर औषध आणि क्रेट यांवर बहुतेक कुत्री सावरतात. पण मागच्या पायांवर उभं राहता येत नसेल तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. पाय हलतच नसतील तर आणखीच. आणि बोटाला चिमटा काढलेलंही कळत नसेल तर ऑपरेशनसाठी तास मोजावे लागतात. तेव्हा "उद्या सकाळी बघू" म्हणू नका. लघवी अडणं किंवा नकळत ठिबकत राहणं हेसुद्धा त्याच यादीत.

साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, त्यासाठी एमआरआय किंवा सीटी लागतो. म्हणून कुत्रं धडधाकट असतानाच तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा: आपल्या भागात रात्री उघडा दवाखाना कोणता, कुत्र्यांचा सीटी-एमआरआय कुठे होतो, मणक्याचं ऑपरेशन करणारे सर्जन कोण आणि खर्च किती. पुण्यापासून तासा-दीड तासावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही आधी फोन करून कोणती सोय आहे ते विचारता येतं. आम्हाला हे सगळं एका सकाळी, कुत्री मांडीवर घेऊन, सापडेल त्या नंबरवर फोन करत शोधावं लागलं. खारीकला चिमटा कळत होता, त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि नवव्या दिवशी तिनं चार पावलं टाकली.

आता ज्यांनी अजून आणलेलं नाही त्यांच्यासाठी

पिल्लू बघायला जाण्याआधी घर बघा. पायऱ्या मोजा. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर दिवसातून चार वेळा आठ-नऊ किलोचं कुत्रं दोन्ही हातांनी आडवं धरून चढायचं-उतरायचं आहे, आणि हे बारा-पंधरा वर्षं. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल, दिवसभर तेच एकटं कुत्र्याजवळ असेल, तर मनापासून सांगते, ही जात नका घेऊ. पेठांतल्या जुन्या वाड्यांचे उभे जिने तर याहून कठीण.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी हा दुसरा शत्रू. त्यावर डॅशहुंड वळताना मागून घसरतो आणि कमरेला पीळ बसतो. गालिचा लागत नाही. दार ते वाटी, वाटी ते झोपायची जागा एवढ्या वाटेवर खाली रबर असलेल्या चटया किंवा जुने योगा मॅट टाकले तरी चालतं. नखं वेळेवर कापा, तळव्यांमधले केस काढा.

दिवाण आणि सोफा यांना उतरण करा. सुताराकडून फळीची केली तरी चालते, वर पायपुसण्याचं कापड चिकटवा. मात्र चढ इतका सौम्य हवा की कुत्रं सहज चालत जाईल, नाहीतर ते बाजूनं उडी मारणारच. पिल्लू असतानाच शिकवलं की सवय लागते. चार वर्षांच्या कुत्रीला शिकवताना मला दोन महिने लागले.

आणि स्कूटर. ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवर कुत्रं उभं करून नेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. सिग्नलला ब्रेक लागला की ते घसरतं, थांबलं की आपसूक खाली उडी मारतं. डॅशहुंडला असं नेऊ नये. बॅगेत किंवा रिक्षात मांडीवर.

वजन. एक-एक किलो मोजून बघावं असं हे प्रकरण आहे. खारीक ९.८ किलोची होती. घरात कुणीच तिला फार देत नव्हतं, फक्त प्रत्येकजण पोळीचा एकेक तुकडा देत होता, आणि आम्ही पाचजण. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवल्यावर बोटांना लागाव्यात, ही साधी खूण. आता ती ८.१ आहे. खाऊ म्हणून काकडी, गाजर, उकडलेली फरसबी. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मात्र कटाक्षानं दूर ठेवा. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, कांदा आणि चॉकलेटही वर्ज्य.

पण याचा अर्थ कुत्र्याला मखरात बसवायचं असा नाही. पाठीचे स्नायू चालण्यानंच बळकट होतात. धडधाकट डॅशहुंडला रोज सपाट जमिनीवर भरपूर चालवा. आम्ही तळजाई टेकडीवर जातो, सकाळी लवकर, हार्नेस लावून. उड्या कमी केल्या म्हणजे पाठ धरणारच नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही, जनुक तर अंगात आहेच. पण धरली तर चालणारं, सडपातळ कुत्रं सावरायला सोपं जातं.

पिल्लू निवडताना आई आणि वडील दोघांना प्रत्यक्ष चालताना बघा. त्यांची वयं विचारा, त्यांच्यापैकी किंवा भावंडांपैकी कुणाची पाठ धरली होती का ते विचारा. काही युरोपीय देशांत दोन ते चार वर्षांच्या डॅशहुंडचा पाठीचा एक्स-रे काढून सुकलेल्या गाद्या मोजतात आणि मगच त्यांची पिल्लं घेतात. आपण निदान आई-वडील पुरेसे मोठे आहेत ना एवढं तरी बघू शकतो, कारण दीड वर्षाच्या कुत्र्याची पाठ पुढे कशी निघेल हे अजून कळलेलंच नसतं. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, घाई करणाऱ्याकडून घेऊ नका. "मिनी आहे" या शब्दावर विश्वास ठेवू नका, आई-वडिलांचं वजन बघा. ठिपकेदार रंगाचे दोन डॅशहुंड एकमेकांशी जुळवले असतील तर त्या पिल्लांत बहिरेपणा-आंधळेपणा येऊ शकतो, ती जोडीच टाळा. नसबंदी कधी करायची हे डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा. वर्षाच्या आत करू नये असं या जातीबद्दलच्या एका ब्रिटिश पाहणीवरून दिसतं.

सातव्या आठवड्यात

सहा आठवडे पार पडले की सगळे मोकळे होतात, आणि पाठ पुन्हा धरण्याचा धोका नेमका तिथेच असतो. क्रेटमधून एकदम मोकळं सोडू नका. आम्ही ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे केलं: क्रेटमधून काढल्यावर पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, सपाट जागी, दोरी आखूड धरून. पुढच्या आठवड्यात दहा. मग पंधरा. घरातही महिनाभर दोरी लावूनच, आणि आम्ही लक्ष देऊ शकत नाही त्या वेळी क्रेटमध्ये. पाठीला जराशी कमान दिसली की एक आठवडा मागं. असं दोनदा मागं यावं लागलं.

आता क्रेट माळ्यावर जात नाही. तो दिवाणाशेजारी दार उघडं ठेवून असतो आणि दुपारी ती आपणहून त्यात जाऊन झोपते.